आइनझीडेल्नच्या मानचिन्हावरील दोन डोमकावळे: संतकथा की मठाच्या मालकीची खूण?

चिन्हवाचक (प्रश्न)

नमस्कार. स्वित्झर्लंडच्या श्वीझ कँटनात (घटक राज्यात) आइनझीडेल्न ही १५-१६ हजार वस्तीची नगरपालिका आहे. तेथील बेनेडिक्टपंथी मठ आणि त्यातील कृष्णवर्णी मेरीची मूर्ती यांमुळे हे गाव युरोपातील मोठ्या कॅथलिक यात्रास्थानांत गणले जाते. असे असूनही नगरपालिकेच्या मानचिन्हावर मेरी नाही, क्रूस नाही आणि मठाचे जुळे मनोरेही नाहीत. सोनेरी ढालीवर दोन काळे डोमकावळे उडताना दाखवले आहेत, एवढेच.

हे पक्षी संत माइनराड यांच्या कथेतून आले, इतके सर्वत्र वाचायला मिळते. पण तेवढ्याने माझे समाधान झालेले नाही. ज्या पक्ष्याला बायबलमधील नियमशास्त्र अशुद्ध ठरवते, तोच पक्षी एका पवित्र स्थानाची ओळख म्हणून का निवडला गेला असावा? शिवाय जर्मन भाषिक प्रदेश आणि दोन डोमकावळे म्हटल्यावर उत्तर युरोपच्या पुराणकथांतील ओडिन देवाच्या खांद्यांवरील दोन पक्ष्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही; तेव्हा ख्रिस्तपूर्व श्रद्धेचा एखादा धागा येथे टिकून राहिला असेल का? आणि शेवटचा प्रश्न असा, की हे चिन्ह मुळात मठाचे आहे हे मान्य केले, तर ते नागरी संस्थेकडे कोणत्या वाटेने आले, आणि आज त्याला धार्मिक चिन्ह म्हणावे की केवळ ऐतिहासिक? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मठवृत्तांत

आपल्या प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर कथेच्या तपशिलात दडलेले आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती कथा दोन ओळींत उरकली जात असल्यामुळे चिन्हाचा अर्थही पुसट होतो. म्हणून आधी कथाच नीट सांगतो.

माइनराड यांचा जन्म सुमारे ७९७ सालचा, श्वाबेन प्रांतातला. बोडेन्झे सरोवरातील राइखेनाउ बेटावरच्या मठात त्यांचे शिक्षण झाले, तेथेच त्यांनी भिक्षूव्रत घेतले, आणि झ्युरिक सरोवराच्या वरच्या भागातील एका लहान मठात काही काळ अध्यापनही केले. सुमारे ८२८ मध्ये ते एकांतवासासाठी एट्झेल खिंडीत गेले. तेथेही दर्शनाला आणि सल्ल्याला येणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा सुमारे ८३५ मध्ये ते आणखी आत, 'अंधारे रान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरण्यात निघून गेले. आजचे आइनझीडेल्न त्याच जागी वसलेले आहे.

२१ जानेवारी ८६१ रोजी दोन दरोडेखोर त्यांच्या कुटीत आले. संताला भेटायला लोक येतात, त्या अर्थी त्याच्याजवळ भेटवस्तूंचे धन साठले असणार, असा त्यांचा हिशेब होता. माइनराड यांना त्यांचा हेतू आधीच कळला होता, असे चरित्रकार सांगतो. तरीही त्यांनी दोघांचे स्वागत केले, त्यांना खायला-प्यायला दिले, आणि त्यानंतर त्या दोघांनी सोट्यांनी मारून त्यांचा जीव घेतला. मृतदेहाजवळ ठेवलेली मेणबत्ती आपोआप पेटली, तेव्हा मारेकरी घाबरले आणि पळत सुटले. माइनराड ज्या दोन डोमकावळ्यांना रोज खाऊ घालत असत, त्यांनी मारेकऱ्यांचा माग धरला आणि ओरडत, झडप घालत झ्युरिकपर्यंत त्यांची पाठ सोडली नाही. लोकांनी ते पक्षी ओळखले, संशय आला, गुन्हा उघड झाला आणि दोघांना देहदंड मिळाला. या पक्ष्यांना माइनराड यांनी ससाण्यांच्या तावडीतून सोडवून लहानाचे मोठे केले होते, अशी पुस्ती नंतरच्या कथनांत जोडली गेली.

आता या कथेत अन्न कोणाकोणाला मिळाले, ते पाहा. डोमकावळ्यांनी त्या हातचे खाल्ले होते आणि मारेकऱ्यांनीही त्याच हातचे खाल्ले होते. एकाच घरचे अन्न पोटात गेलेल्या चौघांपैकी दोघे माणसे होती आणि दोघे पक्षी. त्यांत खाल्ल्या अन्नाला जागले ते पक्षी. माझ्या मते या मानचिन्हाचा खरा धार्मिक गाभा हाच आहे. माइनराड यांना 'आतिथ्याचा हुतात्मा' म्हटले जाते, आणि ही उपाधी विचारपूर्वक दिलेली आहे. ख्रिस्तावरील निष्ठा सोडावी म्हणून त्यांना कोणी छळले नव्हते, त्यामुळे रूढ अर्थाने त्यांना हुतात्मा म्हणणे अवघड होते. परंतु दारी आलेला पाहुणा हा ख्रिस्तच समजावा, असा बेनेडिक्टच्या नियमावलीचा स्पष्ट आदेश आहे, आणि मारेकरी समोर उभे असतानाही त्यांनी तो मोडला नाही. ढालीवरचे डोमकावळे पाहताना हे आतिथ्य डोळ्यांसमोर आले नाही, तर ती केवळ एका गुन्ह्याच्या तपासाची गोष्ट उरते.

एक तपशील आणखी. माइनराड यांचा देह राइखेनाउला नेऊन पुरण्यात आला आणि त्यांच्या अस्थी १०३९ मध्ये परत आइनझीडेल्नला आल्या. म्हणजे मठ ९३४ मध्ये एबरहार्ड यांच्या पुढाकाराने स्थापन झाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या जागेजवळ संताचा देह नव्हता. होती ती जागा आणि तिची कथा.

ढालआणिरंग

मठवृत्तांत यांनी कथा उत्तम मांडली आहे. मी केवळ ढालीकडे पाहून काही निरीक्षणे नोंदवतो, कारण मानचिन्हात काय काढले आहे याइतकेच ते कसे काढले आहे यालाही महत्त्व असते.

प्रथम काळाविषयी. ढालीवर वंशपरंपरागत चिन्हे वापरण्याची पद्धत युरोपात १२व्या शतकात रूढ झाली. माइनराड त्याच्या सुमारे तीनशे वर्षे आधी वारले. त्यामुळे हे 'संताचे चिन्ह' संताने कधी पाहिलेले नाही. मठाला स्वतःची ओळख ढालीच्या भाषेत सांगण्याची गरज पडली, तेव्हा आपल्या कथेतील कोणती वस्तू निवडावी हे मठाने ठरवले. निवडीला वाव भरपूर होता. चित्रांत आणि मूर्तींत माइनराड यांच्यासोबत सोटा असतो, भाकरी असते, प्याला किंवा सुरई असते आणि डोमकावळे असतात. सोटा घेतला असता तर हुतात्म्याच्या मृत्यूचे साधन हे चिन्ह झाले असते, आणि तशी चिन्हे संतांच्या बाबतीत फार प्रचलित आहेत. संत लॉरेन्सची जाळी किंवा संत कॅथरीनचे चाक कितीतरी गावांच्या ढालींवर सापडते. येथे मात्र मृत्यूचे साधन बाजूला ठेवून मृत्यूनंतर घडलेली गोष्ट निवडली गेली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

दुसरे, पक्ष्यांची अवस्था. कुलचिन्हशास्त्रात, म्हणजे ढालींवरील चिन्हांच्या शास्त्रात, पक्षी बसलेला, उभा, पंख पसरलेला किंवा उडता असा वेगवेगळ्या प्रकारे दाखवतात आणि प्रत्येक अवस्था वेगळी मानली जाते. आइनझीडेल्नचे दोन्ही पक्षी उडते आहेत आणि दोघांचा रोख एकाच दिशेला आहे. शेजारी लिस्बनचे मानचिन्ह ठेवले, की फरक चटकन लक्षात येतो. लिस्बनच्या ढालीवरही दोनच डोमकावळे आहेत, परंतु ते एका जहाजावर, एक पुढच्या टोकावर आणि एक मागच्या टोकावर, समोरासमोर बसलेले आहेत. ४थ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झालेल्या संत व्हिन्सेंट यांच्या अस्थी ११७३ मध्ये समुद्रमार्गाने लिस्बनला आणल्या गेल्या, तेव्हा डोमकावळ्यांनी त्यांची राखण केली, अशी ती परंपरा आहे. तेथे पक्षी पहारेकरी आहेत म्हणून बसले आहेत. येथे ते पाठलाग करत आहेत म्हणून उडत आहेत. पक्षी तोच, संख्या तीच, दोन्हीकडे संताच्या मृत्यूनंतरची सेवा हाच विषय, आणि तरीही केवळ पंखांच्या ठेवणीवरून दोन वेगळ्या कथा वाचता येतात.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो. सोने आणि चांदी हे 'धातू' व इतर रंग यांची एकमेकांवर मांडणी करावी, धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवू नये, हा या शास्त्राचा मूळ नियम आहे. काळ्या पक्ष्यासाठी सोनेरी किंवा चंदेरी पार्श्वभूमीच योग्य ठरते. सोनेरी रंगाला दैवी प्रकाशाचा अर्थ देणारी स्पष्टीकरणे पर्यटकांसाठीच्या लिखाणात आढळतात. त्यांवर फार भिस्त ठेवू नये, कारण दुरून ओळखू येणे हे ढालीचे पहिले काम असते आणि पिवळ्यावर काळे हे सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या जोड्यांपैकी एक आहे.

मेरी का नाही, या शंकेचे उत्तरही यातच आहे. मेरीला वाहिलेले मठ युरोपभर शेकड्यांनी होते. ढालीवर मेरी काढली असती तर भक्ती व्यक्त झाली असती, पण हा मठ कोणता हे कळले नसते. पाठलाग करणारे दोन डोमकावळे मात्र एकाच मठाचे असू शकतात. हे पक्षी ओळखणाऱ्याला बाकीची सगळी कथा आठवतेच.

चिन्हवाचक

दोघांचेही मनापासून आभार. लिस्बनशी केलेली तुलना विशेष उपयोगी पडली. अशुद्ध पक्ष्याविषयीची आणि ओडिनविषयीची शंका अजून शिल्लक आहे. 'लेवीय' या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात कावळ्याच्या सर्व जाती निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत आहेत, मग मठवासी लेखकाला हा पक्षी संताच्या सोबतीला ठेवावासा का वाटला असेल? केवळ त्या रानात डोमकावळे होते म्हणून?

ग्रंथवाचन

त्या रानात डोमकावळे असणारच, आणि आल्प्सच्या पायथ्याशी एकट्या राहणाऱ्या माणसाच्या कुटीभोवती ते अन्नासाठी घुटमळणे यात अशक्य काहीच नाही. परंतु ९व्या शतकातील मठवासी लेखक हा पक्षी लिहितो तेव्हा त्याच्या मनात बायबल आणि त्याच्याही आधीच्या संन्याशांची चरित्रे असतात. त्या वाचनात डोमकावळा एकरंगी नाही.

निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत तो आहे, हे खरे. नोहाच्या तारवातून सोडलेला कावळा इकडेतिकडे उडत राहिला आणि जैतुनाचे पान चोचीत घेऊन आले ते कबूतर, हेही खरे, आणि त्यावरून अनेक धर्मोपदेशकांनी कावळ्याला पापी माणसाचे प्रतीक ठरवले. पण त्याच बायबलमध्ये पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात एलिया संदेष्टा करीथ ओहोळाजवळ लपून राहिला असता कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून देतात. स्तोत्र १४७ मध्ये कावळ्याच्या हाका मारणाऱ्या पिलांना देव अन्न देतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना कावळ्यांकडे पाहायला सांगतो. ते पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी देव त्यांना खाऊ घालतो. म्हणजे नियमशास्त्राने ज्याला दूर ठेवले, त्यालाच देवाने पोसले आणि त्याच्याकडून सेवाही करून घेतली. एकांतवासी संन्याशाला याहून जवळचा पक्षी कोणता असेल? तोही वस्तीबाहेर, देवाच्या भरवशावर जगत असतो.

संन्याशांच्या चरित्रांत हा धागा पुढे चालत राहतो. इजिप्तच्या वाळवंटातील पहिले एकांतवासी मानले जाणारे पॉल यांना एक डोमकावळा रोज अर्धी भाकरी आणून देत असे, आणि अँटनी त्यांना भेटायला आले त्या दिवशी त्याने पूर्ण भाकरी आणली, असे जेरोम सांगतात. आइनझीडेल्नच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे तो खुद्द बेनेडिक्ट यांचा. पोप ग्रेगरी पहिले यांनी ६व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या चरित्रानुसार जवळच्या अरण्यातील एक डोमकावळा जेवणाच्या वेळी येऊन बेनेडिक्ट यांच्या हातून भाकरी घेत असे. एका मत्सरी पाद्र्याने त्यांना विषारी भाकरी पाठवली, तेव्हा बेनेडिक्ट यांनी त्या पक्ष्याला ती भाकरी कोणाच्याही हाती लागणार नाही अशा जागी टाकून येण्याची आज्ञा केली. पक्षी आधी चोच उघडून, पंख पसरून भाकरीभोवती ओरडत फिरला, मग ती उचलून घेऊन गेला, आणि परत आल्यावर त्याला नेहमीचा वाटा मिळाला. राइखेनाउ हा बेनेडिक्टच्या नियमावलीनुसार चालणारा मठ होता. तेथील भिक्षूंना हा प्रसंग तोंडपाठ असणार. माइनराड यांच्या हातून खाणारे डोमकावळे वाचताना त्यांना आपल्या पंथाचे संस्थापक आठवले नसतील, हे शक्यच नाही.

माइनराड यांच्या कथेत जे नवे आहे ते पक्ष्यांनी शिक्षा घडवून आणणे. त्यालाही बायबलात आधार सापडतो. नीतिसूत्रांच्या ३०व्या अध्यायात बापाची थट्टा करणाऱ्याचा आणि आईला तुच्छ मानणाऱ्याचा डोळा खोऱ्यातील कावळे उपटून काढतील, असे म्हटले आहे. आध्यात्मिक पित्याला ठार मारणाऱ्यांवर डोमकावळ्यांनी झडप घालावी, हे त्या वचनाशी जुळणारे आहे. पक्षी खुनाचे साक्षीदार होतात ही कल्पना मात्र बायबलपेक्षा निराळ्या वाटेनेही जुनी आहे. इसवी सनापूर्वी ६व्या शतकातील ग्रीक कवी इबिकस याला करिंथजवळ दरोडेखोरांनी मारले, मरताना त्याने आकाशातून जाणाऱ्या क्रौंच पक्ष्यांना साक्षी ठेवले, आणि पुढे तेच पक्षी पाहून एका मारेकऱ्याच्या तोंडून सत्य बाहेर पडले, ही कथा प्राचीन जगात सर्वपरिचित होती. निर्जन ठिकाणी झालेल्या हत्येला माणसांतला साक्षीदार नसतो, म्हणून निसर्ग साक्ष देतो, हा दोन्ही कथांचा समान गाभा आहे.

ओडिनविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. ह्युगिन आणि मुनिन या पक्ष्यांविषयी आपण आज जे वाचतो, ते मुख्यतः १३व्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या ग्रंथांतून आलेले आहे. तेथून चार शतके मागे आणि आल्प्सच्या पायथ्यापर्यंत पूल बांधायचा, तर दोन या संख्येखेरीज हाती काही लागत नाही. शिवाय कामही वेगळे आहे. ओडिनचे पक्षी जगभर फिरून त्याच्या कानात बातमी सांगतात. माइनराड यांचे पक्षी धन्याच्या मृत्यूनंतर त्याच्यासाठी न्याय मागतात. ज्याचा उगम लेखकाच्या स्वतःच्या मठातील रोजच्या वाचनात सापडतो, त्यासाठी दूरच्या देवाकडे जाण्याची आवश्यकता मला दिसत नाही.

सीमारेषा

येथपर्यंतची चर्चा मोलाची आहे, परंतु ती सगळी मठाच्या आतून केलेली आहे. प्रश्नकर्त्यांचा तिसरा प्रश्न मठाबाहेरचा आहे, आणि त्याकडे पाहिल्यावर चिन्हाचा अर्थ थोडा बदलतो, असे मला वाटते.

मध्ययुगात आइनझीडेल्नचा मठ ही केवळ प्रार्थनेची जागा नव्हती. त्याच्याकडे जमिनी होत्या, कुरणे होती, कुळे होती, न्यायदानाचे अधिकार होते, आणि १३व्या शतकापासून तेथील मठाधिपतींना पवित्र रोमन साम्राज्यातील राजपुत्राचा दर्जा होता. अशा सत्तेचे चिन्ह जेथे दिसे, तेथे त्याचा पहिला अर्थ 'ही जागा माइनराड यांच्या मठाची आहे' असा होई. त्या अर्थाला शेजाऱ्यांचा विरोधही तितकाच तीव्र होता. श्वीझच्या शेतकऱ्यांनी मठाच्या बाजूची राने तोडून तेथे गुरे चारायला सुरुवात केली, मठाने राजाकडे दाद मागितली, १११४ मध्ये सम्राट पाचव्या हेन्रीने मठाच्या बाजूने निवाडा दिला, आणि तरीही तंटा मिटला नाही. जानेवारी १३१४ मध्ये श्वीझच्या लोकांनी रात्री मठावर हल्ला करून भिक्षूंना कैद करून नेले. मठाचे संरक्षक असलेल्या हाब्सबुर्ग घराण्याशी पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १३१५ रोजी, मोरगार्टेन येथे लढाई झाली, तिच्या कारणांत हा हल्लाही मोजला जातो. सीमेचा वाद शेवटी १३५० मध्ये तडजोडीने मिटला, आणि १५व्या शतकाच्या पूर्वार्धात मठावरील संरक्षकाचे अधिकार खुद्द श्वीझकडे आले. म्हणजे एकेकाळी मठावर चालून गेलेलेच पुढे मठाचे रखवालदार झाले.

१७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आले आणि मठाची ऐहिक सत्ता संपली. आज आइनझीडेल्न हा श्वीझ कँटनातील असा जिल्हा आहे, की ज्यात एकच नगरपालिका आहे. कँटनात असे आणखी दोनच जिल्हे आहेत, क्युसनाख्ट आणि गेर्साउ. मूळ गावाखेरीज बेनाउ, एग, विलर्त्सेल, ऑइथाल, ग्रोस आणि ट्राख्सलाउ ही सहा खेडी या नगरपालिकेत येतात. या खेड्यांतील माणसे शतकानुशतके मठाची कुळे होती. धनी गेला, पण धन्याच्या ढालीवरचे पक्षी कुळांनी आपल्या ढालीवर ठेवले. म्हणून आइनझीडेल्नच्या मानचिन्हात भक्तीइतकीच सत्तेची आठवण आहे, आणि ती आठवण दडपून केवळ संतकथा सांगणे मला अपुरे वाटते.

याला पूर्वेकडचे उदाहरण आहे. सांक्ट गालेनच्या मठाच्या चिन्हावर अस्वल आहे, कारण संत गालुस यांच्या आज्ञेवरून अस्वलाने शेकोटीत लाकूड टाकले आणि त्याबद्दल त्याला भाकरी मिळाली, अशी कथा आहे. आपेनझेलचे लोक याच मठाच्या अंमलाखाली होते. १५व्या शतकाच्या आरंभी त्यांनी मठाधिपतींविरुद्ध शस्त्र उचलले, १४०३ आणि १४०५ मध्ये लढाया जिंकल्या, आणि हळूहळू स्वतंत्र झाले. अस्वल मात्र त्यांनी सोडले नाही. ज्याच्याविरुद्ध बंड केले त्याच्याच संताचे जनावर आजही आपेनझेलच्या ढालीवर उभे आहे.

मठवृत्तांत

सीमारेषा यांनी दिलेला इतिहास बिनतोड आहे, आणि चिन्ह नागरी संस्थेकडे कसे आले याचे उत्तर तेच आहे, हे मी मान्य करतो. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. सत्तेची खूण म्हणूनच ते चिन्ह लोकांच्या मनात असते, तर सत्ता संपल्यावर ते काढून टाकायला कोणाची हरकत असणार होती? १७९८ नंतरच्या वर्षांत युरोपात जुन्या धन्यांची किती चिन्हे पुसली गेली, हे आपण जाणतोच. कुळांनी ती ढाल ठेवली, कारण माइनराड यांची कथा धन्याइतकीच कुळांचीही होती. चर्चमधील चित्रांत, यात्रेकरूंच्या तोंडी आणि १५व्या शतकात लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रपुस्तिकेत ती अक्षर न येणाऱ्यांपर्यंतही पोहोचलेली होती. आपेनझेलचे उदाहरण माझ्या बाजूनेच साक्ष देते: बंडखोरांनी मठाधिपती नाकारले, गालुस यांना नाकारले नाही.

सीमारेषा

आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी धनी आणि संत यांच्यात इतकी स्वच्छ रेघ त्या लोकांनी स्वतः ओढली असती का, याविषयी मी साशंक आहे. मध्ययुगीन दस्तांत जमीन मठाला दिली, असे क्वचितच लिहिलेले असते. ती संताला दिली, असे लिहिलेले असते. जमिनीचा मालक संत, आणि मठाधिपती त्याचा कारभारी. त्यामुळे ढालीवरचा पक्षी पाहून एखाद्या कुळाला संत आधी आठवे की सारा आधी आठवे, हे वेगळे करणे कठीण आहे, आणि दोन्ही एकाच वेळी आठवत असावेत, असे मला वाटते.

चिन्हवाचक

ही देवाणघेवाण फार उद्बोधक झाली. आता एकच गोष्ट राहते. आजच्या नगरपालिकेत सर्व श्रद्धांचे आणि कोणतीही श्रद्धा नसलेले नागरिक राहतात. अशा ठिकाणी संतकथेतून आलेले चिन्ह कायम ठेवणे कितपत योग्य समजले जाते?

ग्रंथवाचन

आइनझीडेल्नच्या बाबतीत चिन्हावर संत नाही, क्रूस नाही, केवळ दोन पक्षी आहेत. ज्याला कथा मान्य नाही त्यालाही ते आपल्या गावाचे पक्षी वाटू शकतात. खरी कसोटी शेजारच्या ग्लारुस कँटनात पाहावी. तेथे ढालीवर प्रत्यक्ष संत फ्रिडोलिन आहेत, हातात काठी आणि ग्रंथ घेऊन चालणारे. ग्लारुसचे खोरे झेकिंगेनच्या मठाच्या मालकीचे होते, आणि ते मठाला कसे मिळाले याची कथाही साक्षीचीच आहे. जमीन दान देणारा उर्सो मरण पावल्यावर त्याच्या भावाने दान नाकारले, तेव्हा फ्रिडोलिन यांनी उर्सोला थडग्यातून उठवून न्यायसभेत साक्षीला उभे केले. ग्लारुसच्या लोकांनी १३९५ मध्ये पैसे मोजून मठाचे हक्क सोडवून घेतले, आणि ढालीवर फ्रिडोलिन तसेच ठेवले.

पुढे धर्मसुधारणेचा काळ आला. संतपूजेला कडाडून विरोध करणारे झ्विंग्ली १५०६ पासून १५१६ पर्यंत ग्लारुसमध्येच धर्मगुरू होते, आणि तेथून ते आइनझीडेल्नला गेले व १५१८ अखेर झ्युरिकला जाईपर्यंत यात्रेकरूंपुढे प्रवचने करत राहिले. आइनझीडेल्न कॅथलिक राहिले. ग्लारुसमध्ये बहुसंख्य लोक सुधारित (प्रोटेस्टंट) पंथाचे झाले, दोन्ही पंथांत वर्षानुवर्षे तंटे झाले, एका टप्प्यावर दोघांच्या सभाही वेगवेगळ्या भरू लागल्या. फ्रिडोलिन मात्र ढालीवरून उतरले नाहीत, आणि ज्या कँटनात दीर्घकाळ सुधारितपंथी बहुमत होते त्याच्या ध्वजावर ते आजही आहेत.